जुना ट्रक घेताना : आधी कागद, मग लोखंड

दिवाळी उलटली, सोयाबीनचे पैसे हाती पडले आणि कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळू लागल्या, की हिमायतनगर, हदगाव, भोकर, किनवट या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत एक विषय निघतो. गाडी घ्यायची का? इथे गाडी म्हणजे मोटार नव्हे, ट्रक. थोरला मुलगा आठ-दहा वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. सरकी, सोयाबीन, खत, सिमेंट असा मिळेल तो माल घेऊन फिरतो आणि महिन्यातून चार दिवस घरी टेकतो. मालकाच्या गाडीवर करतो तीच मेहनत स्वतःच्या गाडीवर केली तर? हा हिशेब त्याच्या मनात असतो आणि अम्मीच्याही. नव्या दहा टायरची किंमत तीस लाखांच्या पुढे. मग जुनी गाडी बघायची ठरते.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. आपल्या भागातले कितीतरी गाडीमालक जुन्या गाडीवरच उभे राहिले. पण ही खरेदी घरातल्या इतर खरेदीसारखी नसते. तिच्यात वर्षानुवर्षांची शिल्लक जाते, कधी प्लॉट जातो आणि बहुतेक वेळा दागिने जातात. दागिन्यांबद्दल सुरुवातीलाच सांगितलेले बरे. सुनेला मिळालेले मेहर आणि तिच्या माहेरचे सोने ही तिची स्वतःची मालमत्ता आहे. ते गाडीत घालायचे असेल तर तिला नुसते कळवून भागत नाही, विचारावे लागते. ती हो म्हणाली तर ती रक्कम उधार की गाडीतला वाटा, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. घरातल्या घरात लिहायची लाज वाटते, हे खरे. पण पुढे गाडी उभी राहिली की याच न लिहिलेल्या गोष्टीवरून घरात अबोला धरला जातो.

गाडी बघायला निघाल्यावर सगळ्यांचे लक्ष इंजिनाकडे असते. धूर कसा आहे, आवाज कसा आहे, टायर किती उरले आहेत. हे बघायलाच हवे आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. पण इंजिन बिघडले तर नांदेडच्या गॅरेजमध्ये बांधून मिळते. पैसे जातात, पंधरा दिवस जातात, गाडी पुन्हा रस्त्यावर येते. कागद बिघडलेले असतील तर कोणताही मिस्त्री कामाला येत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी कागद, मग लोखंड, आणि भाव सगळ्यात शेवटी.

आरसी कोणाच्या नावावर आहे

विकणारा समोर बसलेला असतो आणि आरसीवर नाव भलत्याचेच असते. विचारले तर उत्तर तयार असते : ‘‘भाई, मालिक तो मैंच हूँ, बस नाम चढाना बाकी है.’’ म्हणजे गाडी दोन-तीन हात फिरली आहे आणि प्रत्येकाने सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म पुढच्याच्या हातात देऊन मोकळीक करून घेतली आहे. फॉर्म २९ आणि ३० ते हेच. २९ मध्ये विकणारा गाडी विकल्याची सूचना देतो, ३० मध्ये नाव बदलण्याचा अर्ज असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने ही सूचना राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत द्यायची असते, गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर ४५ दिवसांच्या आत.

आपल्याकडे या मुदतीला फार कोणी जुमानत नाही. पण याची किंमत किती असते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात दिसते. तिथली मोटार एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली. नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली आणि मध्ये अपघात झाला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाने सांगितले की ज्याचे नाव नोंदीत आहे, तोच कायद्याने मालक. गाडी कधीच विकून टाकली, हे म्हणणे चालले नाही. हा निकाल विकणाऱ्याला जास्त लागतो, पण घेणाऱ्यालाही त्यातून कळावे. आरसीवर नाव असलेल्या माणसाला स्वतः भेटल्याशिवाय, त्याच्या ओळखपत्रावरची सही आणि फॉर्मवरची सही समोरासमोर ठेवल्याशिवाय पैसा देऊ नये. तो हैदराबादला असेल तर हैदराबादला जाऊन यावे. एका दिवसाचे भाडे जाते, एवढेच.

मूळ मालक वारला असेल तर कोरे फॉर्म कितीही असोत, त्यांचा उपयोग नाही. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते, मग वारस ती विकू शकतो. चार भाऊ-बहिणी वारस असतील तर चौघांची संमती बघावी. बहिणीचा वाटा धरलेला नसेल तर असा सौदा कायद्याच्या आणि शरियतच्याही दृष्टीने अडचणीचा ठरतो.

यानंतर पाहायचा तो फायनान्सचा बोजा. आरसीवर किंवा वाहन पोर्टलवर फायनान्स कंपनीचे नाव दिसत असेल, तर ते कर्ज फिटले का, फिटले असेल तर नोंद का उतरवली नाही, हे विचारावे. बोजा उतरवायला कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. त्यावर कंपनीची आणि मालकाची अशा दोघांच्या सह्या असतात. ‘‘दोनच हप्ते राहिलेत, तुम्ही पैसे द्या, मी भरून टाकतो’’ हे वाक्य फार महाग पडते. कर्ज बाकी असेल तर कंपनीकडून बाकीचे लेखी पत्र मागवा. तेवढी रक्कम थेट कंपनीच्या खात्यात भरा आणि उरलेलीच विकणाऱ्याला द्या. स्टँप पेपरवर नोटरी करून बोजाची गाडी घेणारे अनेक आहेत. हप्ता थकला की कंपनी गाडीवर हक्क सांगते, आणि त्या वेळी तुमचा स्टँप पेपर तिच्यासाठी कोणीच नसतो. वसुलीसाठी गुंड पाठवून गाडी ओढून नेणे बेकायदेशीर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे. पण कायदेशीर मार्गाने ती नेता येतेच.

हे सगळे घरबसल्या बरेच तपासता येते. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा आणि बोजा दिसतो. ई-चलानचा हिशेब वेगळा बघावा. टॅक्सची पावती मागून घ्यावी, कारण थकबाकी असेपर्यंत नाव बदलत नाही. गाडी चोरीची तर नाही, याची खात्री राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावरून करता येते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवणेही सक्तीचे झाले आहे. ती नसेल तर आरटीओतली कामे अडतात.

तेलंगणाची गाडी

हिमायतनगरकरांना ही बाब इतरांपेक्षा जास्त लागू आहे. भैंसा, निर्मल, आदिलाबाद जवळ. नातीगोती तिकडे, बाजार तिकडे. हैदराबादचे ऑटोनगर म्हणजे जुन्या गाड्यांचा समुद्रच. तिकडची गाडी कधी कधी बरीच स्वस्त दिसते. टीएस किंवा त्याआधीची एपी पासिंगची गाडी घेण्यात चूक काही नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), तिथल्या टॅक्सचा आणि चलानचा निकाल, मग नांदेडला येऊन इथला टॅक्स आणि एमएच-२६ चा नवा नंबर, हा सगळा खर्च आणि वेळ भावात धरला का? परराज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल तर नवा नंबर घ्यावाच लागतो. तोपर्यंत ‘‘चालू दे तशीच’’ म्हणणाऱ्याची गाडी नाक्यानाक्यावर थांबवली जाते.

परमिटचे वयही इथेच बघून घ्यावे, कारण आपल्याकडचा माल सहज राज्याबाहेर जातो. नॅशनल परमिट गाडीला जन्मभर मिळत नाही. दोन एक्सलच्या गाडीला, म्हणजे आपल्या सहा टायरला, ते बारा वर्षांपर्यंतच आणि दहा-बारा-चौदा टायरच्या मल्टीएक्सल गाडीला पंधरा वर्षांपर्यंत. आता समजा अकरा वर्षांची सहा टायर स्वस्तात मिळते आहे. इंजिन उत्तम, टायर नवे. पण पुढच्या वर्षी ती पैनगंगा ओलांडून उमरखेडला जाईल, आदिलाबादला जायची सोय नॅशनल परमिटवर राहणार नाही. म्हणजे गाडी स्वस्त का, याचे उत्तर इंजिनात नाही, आरसीवरच्या नोंदणीच्या तारखेत आहे.

फिटनेसचेही असेच. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते, त्यानंतर दरवर्षी पासिंग. गाडी म्हातारी होत जाते तसे शुल्कही चढत जाते. फिटनेस संपत आलेली गाडी कोणी घाईने विकत असेल तर पासिंग करून दे, मग घेतो, असे सरळ म्हणावे. पासिंगला लागणारी वेल्डिंग, रंग, लाईट, रिफ्लेक्टर यांचा खर्च त्याच्या बाजूला पडतो आणि गाडी तपासणीत टिकते का, हेही फुकटात कळते.

विम्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. जुन्या मालकाचा विमा सुरू आहे, म्हणजे आपण निर्धास्त, असा. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, हे खरे. पण आपल्याच गाडीचे नुकसान, चोरी, आग यांचा भाग आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच हा फरक स्पष्ट केला आहे. घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज देऊन पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. वीस टनांच्या पुढच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच वर्षाला चाळीस हजारांच्या पुढे जातो. त्यामुळे पॉलिसीचे किती महिने उरलेत, हाही भावातला मुद्दा आहे.

पहाटेची गाडी

कागद जुळले तरच लोखंडाकडे वळावे. बघायला जाण्याची वेळ आदल्या दिवशी सांगू नये आणि शक्यतो फज्रनंतर लगेच पोहोचावे. कारण साधे आहे. थंड इंजिन खोटे बोलत नाही. विकणाऱ्याने तासभर आधी गाडी सुरू करून गरम केली असेल तर तिचे अर्धे दुखणे झाकले जाते. पोहोचल्यावर पहिल्यांदा हात रेडिएटरवर आणि इंजिनावर ठेवून बघावा. ते कोमट लागले तर हसून सांगावे, उद्या येतो.

चावी लावण्याआधी रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहा. ऑईलची पट्टी काढून बघा. ऑईल दुधासारखे झाले असेल तर पाणी आत शिरते आहे, म्हणजे हेड किंवा गॅस्केटचे काम. मग गाडी सुरू करा. दोन-तीनदा चावी फिरवावी लागली तर बॅटरी असेल, सेल्फ असेल, पंप असेल किंवा कॉम्प्रेशन गेले असेल. मिस्त्री बरोबर असेल तर तो ओळखेल. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे गाडी ऑईल खाते आहे. काळा धूर डिझेल जळत नसल्याची खूण. सगळ्यात सोपी परीक्षा ऑईल भरायच्या झाकणाची. इंजिन सुरू ठेवून ते झाकण काढा. तिथून भकाभक वाफ आणि धूर बाहेर येत असेल, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते आहे. लायनर-पिस्टन आज नाही तर उद्या उघडावेच लागणार, आणि तो खर्च हजारात मोजला जात नाही.

एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या गाड्या बीएस-६ आहेत. त्यांत धूर गाळणारी जाळी असते आणि युरियाची वेगळी टाकी असते. बीएस-४ च्या काही गाड्यांतही युरिया होता. पैसे वाचवण्यासाठी अनेकांनी ही यंत्रणा बाहेरच्या डब्या लावून बंद करून ठेवलेली असते. गाडी तशी चालते, पण तपासणीत अडकते, आणि ती पूर्ववत करायचा खर्च तुमच्या डोक्यावर बसतो. डॅशबोर्डवरचे दिवे चावी लावताच लागतात आणि मग विझतात का, ते बघा. एखादा दिवा मुळात लागतच नसेल तर तो काढलेला आहे. असा दिवा कोणी उगाच काढत नाही.

आता खाली वाका. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांत उजव्या बाजूच्या लांब गर्डरवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. अक्षरे कमी-जास्त खोल असतील, आसपास ग्राइंडर फिरल्याच्या खुणा किंवा फक्त तेवढ्याच जागी ताजा रंग असेल, तर सौदा तिथेच थांबवा. त्या गाडीचा भाव काहीही असो.

चेसिसवरच खरी गाडी उभी असते, म्हणून इथे वेळ घालवावा. केबिनच्या मागची जागा, पाट्यांचे हँगर जिथे बसतात ती जागा, मधले आडवे जोड, इथे तडे जातात. वेल्डिंग करून त्यावर पट्टी मारलेली असते आणि पट्टीवर रंग. एका बाजूने उभे राहून दोन्ही गर्डर सरळ रेषेत दिसतात का पाहा. शंका आली तर सुतळी लावून बघा, मिस्त्री हेच करतात. गाडीने आधी काय वाहिले, हेही चेसिस सांगते. खत आणि मीठ वाहणारी गाडी आतून गंजते. गिट्टी-मुरूम वाहून थकलेल्या गाडीचे पाटे बसलेले असतात आणि बॉडीच्या तळाला ठिगळे असतात. हौद्याखाली टॉर्च मारून पाहावे. वरून ताजा निळा-लाल रंग, ‘‘हॉर्न ओके प्लीज’’ची नवी अक्षरे आणि फाळक्यावर फुले-पाने असली, तर बघणाऱ्याने आणखी दहा मिनिटे खाली घालवावीत.

पाट्यांत एखादे पान तुटलेले आहे का, यू-बोल्ट सैल आहेत का, पुढचे चाक जॅकवर उचलून हलवले तर किंगपिनमध्ये ढिलाई आहे का, हे काम मिस्त्रीचे. एअर पूर्ण भरली की इंजिन बंद करा, ब्रेकवर पाय दाबून धरा आणि दोन मिनिटे काट्याकडे बघत राहा. काटा उतरत असेल आणि कुठून तरी सूंऽऽ आवाज येत असेल तर एअर गळते आहे. हे दुरुस्त होते, पण उतारावर ब्रेक लागला नाही तर काय होते, हे ड्रायव्हरच्या घरी कोणाला सांगायला नको.

गाडी रस्त्यावर चालवून बघावी, आणि चालवणारा आपला असावा. शक्य असेल तर माल भरलेली. रिकाम्या गाडीत क्राउनचा आवाज आणि क्लचची घसरण लपते. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन फिरते पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट गेली. उतारावर पाय सोडल्यावर गिअर सटकून न्यूट्रल होतो, तर गिअरबॉक्स उघडायची वेळ आली. मागून गुरगुर येते आणि एक्सलेटर सोडताच आवाज बदलतो, तर क्राउन बघा. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. क्लचच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा आणि ड्रायव्हरच्या सीटचा खड्डा मीटरपेक्षा खरे सांगतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर चेसिस नंबर देऊन जुन्या सर्व्हिसची नोंद मिळते का, तेही विचारून बघावे.

टायरकडे मात्र पैशाच्या नजरेने पाहायचे. एका चांगल्या नव्या टायरला वीस हजारांच्या वर पडतात, म्हणजे दहा टायरचे दोन लाख. फोटोत काळेभोर दिसणारे टायर बऱ्याचदा रिमोल्ड असतात. मागे रिमोल्ड चालतात, पुढच्या दोन चाकांना चालवू नयेत. टायर एकाच कडेने झिजला असेल तर दोष टायरचा नाही, अलाइनमेंट किंवा एक्सलचा आहे.

ट्रेलरचा विषय थोडक्यात. सौदीत ट्रेलर चालवून परत आलेल्या पोरांना साहजिकच ट्रेलरच घ्यावासा वाटतो. इथे लक्षात ठेवायचे ते हे की पुढचा घोडा आणि मागचा ट्रेलर यांची नोंद वेगळी, आरसी वेगळी, चेसिस नंबर वेगळे. एकाचे कागद चोख आणि दुसऱ्याचे गायब, असे होऊ शकते. घोड्यावरची जी तबकडी ट्रेलर पेलते, तिच्या जबड्यातली आणि ट्रेलरच्या पिनमधली झीज जोडून, हलवून बघावी. खडखड मोठी असेल तर दोन्ही बदलावी लागतात. आणि मुख्य म्हणजे, हिमायतनगरहून ट्रेलरला परतीचा माल कुठून मिळणार, हे आधी ठरवावे. सिमेंट-स्टील-कंटेनरच्या मोठ्या मार्गावर ट्रेलर कमावतो. जिनिंगच्या आवारात आणि तालुक्याच्या रस्त्यांवर दहा टायरच बरा.

पासिंगचा आकडाही आरसीवरूनच वाचावा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवरचा भार वाढवला आणि दहा टायरचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. विकणारा नवा आकडा तोंडी सांगतो. या गाडीच्या आरसीवर जे लिहिले आहे तेवढेच तुमचे. ‘‘दोन टन जास्त टाकले की फायदा सुटतो’’ या हिशेबावर जी गाडी परवडते, ती मुळात परवडत नाही.

भाव आणि हप्ता

समजा गाडी १४ लाखांना ठरली. ४ लाख घरचे, १० लाख कर्ज, मुदत तीन वर्षे. एजंट म्हणतो, दर फक्त १० टक्के. विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅट असेल तर तीन वर्षांचे व्याज सरळ ३ लाख, म्हणजे ३६ हप्ते प्रत्येकी सुमारे ३६,१०० रुपयांचे. शेवटच्या वर्षी मुद्दल थोडेच उरलेले असते, तरी व्याज पूर्ण १० लाखांवरच आकारलेले असते. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर जवळजवळ १८ टक्के होतो. दुसरा कोणी घटत्या शिलकीवर १५ टक्के म्हणाला, तर त्याचा हप्ता सुमारे ३४,७०० येतो. ऐकायला १५ मोठे वाटते, देताना ते कमी असते.

डिझेलचा हिशेबही असाच बसून करावा. सहाशे किलोमीटरच्या फेरीला चारचा ॲव्हरेज असेल तर १५० लिटर, साडेतीनचा असेल तर १७१. लिटरला नव्वद धरले तर एका फेरीत एकोणीसशेचा फरक. महिन्याला अशा आठ फेऱ्या झाल्या तर पंधरा हजार. थकलेले इंजिन दर महिन्याला जवळपास अर्धा हप्ता गिळते. म्हणून एक लाख जास्त देऊन चांगल्या इंजिनाची गाडी घेणारा शहाणा ठरतो.

व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत येतोच, आणि तो टाळून लिहिणे बरोबर नाही. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांच्यासाठी भागीदारी हा जुना आणि चालणारा मार्ग आहे. दोन भाऊ, मेहुणे, किंवा एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत. त्यात भांडण होते ते एकाच जागी. गाडी चालवणाऱ्या भागीदाराला ड्रायव्हरचा पगार वेगळा मिळणार की तो नफ्यातच धरला? टायर-इंजिनासाठी दर फेरीतून किती बाजूला काढायचे? गाडी विकायची वेळ आली तर कोणाचा शब्द चालणार? या तीन ओळी पहिल्या दिवशी लिहिल्या तर भाऊ भाऊ राहतात. लहान गाडीपासून सुरुवात करून दोन हंगामांनंतर मोठी घेणे, हाही एक मार्ग आहे, जरी पोरांना तो कमीपणाचा वाटतो.

सौदा लिहिताना

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपल्या घरांत मुलांनाही माहीत असते. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. ताज्या रंगाखालची वेल्डिंग म्हणजे तेच ओले धान्य. फिक्हमध्ये लपवलेला दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क, खियारे-ऐब, मान्य आहे. पण तो हक्क शाबीत करायला लिहिलेले काहीतरी हवे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची शिकवण आहेच. आपण मात्र ‘‘घरचाच माणूस आहे’’ म्हणून इसार पावतीही घेत नाही.

इसार कमी द्यावा आणि पावतीवर स्पष्ट लिहावे : चेसिस व इंजिन नंबर, ठरलेला भाव, कोणते दोष सांगितले, आजच्या तारखेपर्यंतचा टॅक्स, चलान, अपघात आणि गुन्ह्याची जबाबदारी विकणाऱ्याची, नाव किती दिवसांत बदलून मिळणार, आणि बोजा किंवा कागद खोटे निघाले तर इसार परत. दोन साक्षीदारांच्या सह्या. उरलेली रक्कम बँकेतून द्यावी, आणि त्यातला काही भाग नावबदल झाल्याची नोंद पोर्टलवर दिसेपर्यंत राखून ठेवावा. चोख कागद असलेला विकणारा याला हरकत घेत नाही.

गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात करायची काही कामे राहतात. इंजिन ऑईल, डिझेल आणि हवेचे फिल्टर बदलून घ्या, गिअर आणि क्राउनचे ऑईलही. त्यामुळे पुढचा हिशेब तुमच्या तारखेपासून सुरू होतो. जुन्या मालकाच्या नावाचा फास्टॅग बंद करायला लावून आपल्या नावाचा घ्या. जीपीएस लावलेला असेल तर त्याचा पासवर्ड बदला, नाहीतर गाडी कुठे आहे हे तुमच्याआधी त्याला कळते. आणि नांदेडच्या आरटीओत फॉर्म ३० दाखल केल्याची पावती घरातल्या कपाटात, दागिन्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवा.